प्रश्न क्रमांक सात

“नको, नको! माह्या हातात देऊ नको तो,” म्हणत दुर्पता मावशीने दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलले. “घरी गेली का नातू फोन घेते अन् गालाले लावते. मागं एकडाव तसंच झालं तं लेकरू अर्धी रात रडलं.”

मी तिच्यासमोर उकिडवी बसले होते. एका हातात ऑफिसचा टॅब, दुसऱ्या हातात तिच्या पिशवीतून काढून आणलेला तिचाच फोन, काच तडकलेला आणि मागून रबर बँड लावलेला. तिचे हात मनगटाच्या वरपर्यंत तांबडे झाले होते. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि एव्हाना तिचे दोन तास मिरचीचे देठ खुडण्यात गेले होते.

“मग अंगठा कसा लावशील? संमती घ्यावी लागते, मावशी.”

“तूच लाव ना तुह्या बोटानं. तू काय परकी हायेस?”

परकी नव्हतेच. ती आणि माझी आई एकाच माहेरच्या, दोघी धामनटोलीत लग्न होऊन आलेल्या. लहानपणी आई आजारी पडली की मी हिच्याच घरी जेवायची. म्हणून तिच्या फोनवर ‘मला मान्य आहे’ या चौकटीत मीच माझं बोट ठेवलं. पुढे जे झालं त्यात माझं बोट किती होतं याचा हिशेब मी अनेकदा मांडते, आणि तो दर वेळी संमतीपासूनच सुरू होतो.

आमच्या भागात ज्याला सातरा म्हणतात ते म्हणजे गावाबाहेरचं सपाट केलेलं मैदान. ट्रकांनी लाल मिरची येते, ती उन्हात पसरतात आणि बायका ढिगापुढे बसून एकेक देठ खुडतात. जानेवारीत बरं वाटतं. एप्रिल लागला की खालून जमीन भाजते, वरून ऊन भाजतं आणि मधे मिरची. झाड म्हणायला कडेला एकच कडुनिंब. आठ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका संशोधन संस्थेने आमचा सातरा अभ्यासाला निवडला होता. उन्हात काम करणाऱ्या बायकांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, हे शोधायचं होतं. रक्त काढायचं नाही, मनगटाला काही बांधायचं नाही. लोकांकडे असलेलाच फोन घ्यायचा, त्यात एक ॲप टाकायचं. फोन किती हलतो, किती तापतो, रात्री किती वाजता स्वस्थ पडतो, यावरून माणूस किती वेळ उन्हात असतो आणि किती झोपतो ते कळणार होतं. सोमण मॅडम म्हणून डॉक्टर होत्या, त्यांचा हा अभ्यास. मी नुकतीच समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसले होते. गावातलीच मुलगी हवी म्हणून त्यांनी मला घेतलं. माझी पहिलीच नोकरी. गळ्यात ओळखपत्र घालून मी सातऱ्यावर गेले तेव्हा मला स्वतःचाच भारी अभिमान वाटत होता.

दुर्पता मावशीची पाळी चौथी होती. आधीच्या तिघींना टॅबने परत पाठवलं होतं. प्रश्न क्रमांक सात : ‘काम करताना फोन तुमच्या अंगावर असतो का?’ ‘नाही’ दाबलं की पडद्यावर लाल अक्षरांत ‘पात्र नाही, धन्यवाद’ असं यायचं आणि फॉर्म आपोआप बंद व्हायचा.

“अवं, या तिघीले काहून वापस धाडलं?” मावशीने विचारलं.

“त्यांचा फोन अंगावर नसतो म्हणून. टॅब पुढेच जाऊ देत नाही.”

“अंगावर कोनाचा असते वं? मिरचीच्या हातानं फोन धरला तं डोये जातीन आमचे. सारेयचे फोन तिकडं हायेत, मुनीमजीच्या खोलीत.”

हे मला ठाऊक होतं. सातऱ्याच्या कडेला मुनीमची टिनाची खोली होती. पूर्वी बायका आपल्या पिशव्या कडुनिंबाला टांगायच्या, पण माकडं डबे पळवू लागली. तेव्हापासून मुनीमने खोलीच्या भिंतीला खिळ्यांची रांग ठोकून दिली होती. सकाळी आल्या की बायका पिशव्या तिथे अडकवत. पिशवीत डबा, डब्यावर कापडात गुंडाळलेला फोन. संध्याकाळी हाताला तेल चोळून, माती लावून, धुऊन मगच तो बाहेर निघे. मधे कुणाचा वाजला तर मुनीम आतूनच नावाने हाक मारी. आणि त्याच भिंतीसमोर मुनीमचा कूलर दिवसभर घरघरत असे.

“आमचे फोन पाह्य कसे साहेबावानी कूलरसमोर बसते,” मावशी म्हणाली, आणि शेजारच्या सगळ्याजणी हसल्या. तिची सून ललिता सगळ्यांत जास्त हसली. मीसुद्धा.

मग मावशीने हसणं थांबवून विचारलं, “म्हंजे माहंही नाव येनार नाही का?”

“नाही येणार.”

“मंग ‘हो’ लिहून टाक. फोन आमचा, आमच्या संगं कामावर येते, आमच्या संगंच घरी जाते. खोटं काय हाये त्यात?”

“पण मावशी…”

“हे पाह्य मयुरी. तीन वरसं झाले, आमी तहसीलीत अर्ज देऊन रायलो. दुपारी बारा ते चार काम बंद ठेवा अन् डोस्क्यावर हिरवी जाळी टाका, एवढंच मांगतो. साहेब म्हनते, पुरावा आना. आता तुही मॅडम पुराव्याची मशीन घेऊन आली, अन् तू आमालेच काढून टाकतं?”

प्रश्न सात कशासाठी घातलाय हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. प्रशिक्षणात अर्धा तास त्याच्यावरच गेला होता. पण मला बारा दिवसांत शंभर बायकांचे फॉर्म भरायचे होते, आणि सातऱ्यावर फोन अंगावर ठेवणारी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. शिवाय वाटलं, या उन्हात बसतात हे आंधळ्यालाही दिसतं, तर यंत्राला दिसणार नाही? मी ‘हो’ दाबलं. पुढचं पान लगेच उघडलं. आधीच्या तिघींनाही हाक मारून बोलावलं आणि त्यांचेही ‘हो’ केले. मग मावशीच पुढे झाली. प्रत्येक ढिगापाशी जाऊन तिने बायका गोळा केल्या. “या वं, आपलं ऊन लिहून घेऊन रायले,” असं सांगत फिरली. बारा दिवसांत एकशे बारा फॉर्म झाले. प्रत्येकाच्या खाली माझी सही. पुण्याहून मॅडमचा निरोप आला, सगळ्या केंद्रांत तुझं काम पहिलं.

एप्रिलच्या शेवटी मॅडम स्वतः आल्या. बाई खरोखर चांगली, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे. त्यांच्यावर ढकलता आलं असतं तर मी कधीच ढकलून मोकळी झाले असते. सकाळी आठला आल्या. बायकांसाठी लिंबू-मिठाच्या पुड्या आणल्या होत्या. मावशीशेजारी मातीत बसल्या, दहा-पंधरा मिरच्या खुडल्या आणि नंतर तासभर बोटं फुंकत राहिल्या. मावशीने त्यांना तेल चोळून दिलं. “शिकलेल्या बाईचे हात हायेत, नाजूक,” म्हणाली. मॅडमना दुपारी नागपूरहून विमान गाठायचं होतं. निघण्याआधी मुनीमने त्यांना खोलीत बोलावून चहा पाजला.

“थंड आहे हो इथे,” मॅडम म्हणाल्या.

“मजुरायसाठीच ठेवला हाये कूलर,” मुनीम म्हणाला. “दुपारी उन्हात आमी कोनाले बसूच देत नाही, मॅडम. शेवटी मानसंच हायेत ना.”

तो हे माझ्यासमोर म्हणाला. माझ्याकडे बघूनही म्हणाला. खिळ्यांवर एकशे बारा पिशव्या एकावर एक लटकत होत्या, त्या खोलीत पाच माणसं धड बसली नसती. मॅडमना ते दिसलं नाही. त्यांना कूलर दिसला.

गाडी सडकेला लागल्यावर त्यांनी आपला लॅपटॉप उघडून माझ्यापुढे धरला. रंगीत पट्ट्या होत्या, एका बाईची एक. सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत सगळ्या पट्ट्या एकजात हिरव्या.

“हे बघ. बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि यांच्या फोनभोवती एकतीस. हालचाल शून्य. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी घोळ आहे. आता ती खोली पाहिली आणि उलगडा झाला. आळीपाळीने आत बसत असणार. तरी विचारते. फोन अंगावरच असतात ना, मयुरी? प्रश्न सात तूच भरलायस.”

सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. पण त्या वाक्याबरोबर एकशे बारा फॉर्म रद्द होणार होते, सगळ्यांखाली माझी सही होती, आणि सकाळीच मॅडम म्हणाल्या होत्या की पुढच्या जिल्ह्यातही तुलाच न्यायचा विचार आहे.

“हो मॅडम,” मी म्हणाले.

“छान,” म्हणून त्यांनी लॅपटॉप मिटला.

त्यानंतर रोज ठरवायची की आज फोन करून सांगून टाकते. सकाळी ठरवायची, दुपारी शब्द जुळवायची आणि संध्याकाळी उद्यावर टाकायची. मॅडमना कधीतरी आपोआप कळेल अशीही एक वेडी आशा होती. एवढी शिकलेली माणसं, त्यांना शंका येणार नाही का? त्यांना आली होतीच. ती मीच मिटवली होती.

मे महिन्याच्या आठ तारखेला तहसील कचेरीत बैठक ठरली. सातऱ्यावरच्या बायकांचा अर्ज, मालकांचं म्हणणं आणि आमच्या अभ्यासाचा प्राथमिक अहवाल, असे तीन विषय. दुर्पता मावशी आणि ललिता धुतलेली लुगडी नेसून आल्या होत्या. मावशीने केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. मला बघून तिने लांबूनच हात हलवला, लग्नात वरमाई हलवते तसा. मी मॅडमच्या बाजूच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर फाइल. मालकांकडून मुनीम आला होता.

नायब तहसीलदारांनी अहवाल वाचायला सांगितला. मॅडमनी पडद्यावर त्या हिरव्या पट्ट्या दाखवल्या आणि सोप्या मराठीत समजावून सांगितलं. उन्हाचा त्रास मोठा आहे. इतर ठिकाणी परिस्थिती वाईट आहे. मात्र या सातऱ्यावर महिलांना दुपारी थंड जागा उपलब्ध असल्याचं आणि त्या वेळेचा मोठा भाग त्या तिथे विश्रांती घेत असल्याचं दिसतं. अशी सोय इतरांनीही करावी.

मुनीमने हात जोडून मान लववली. “आमी तं आधीपासूनच म्हनत होतो, साहेब.”

“म्हणजे कामाची वेळ बदलायची गरज नाही?” तहसीलदारांनी विचारलं.

“या आकडेवारीवरून तरी तसं म्हणता येत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांना ते बोलताना बरं वाटत नव्हतं, हेही मला दिसलं.

“अर्जदार महिलांचं काही म्हणणं?”

मागच्या रांगेतली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दुर्पता मावशी उभी राहिली. पदर नीट केला. “साहेब, हा फोन तं…” एवढं म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी तिच्याकडे पाहिलं, मग फाइलकडे पाहिलं, मग परत वर मान केलीच नाही.

“बोला बाई. फोनचं काय?”

मावशीने नीट केलेला पदर परत नीट केला.

“काही नाही साहेब,” मावशी म्हणाली. “जाळी भेटली असती तं बरं झालं असतं. एवढंच.” आणि ती खाली बसली.

माझा जीव भांड्यात पडला. हे मी लपवणार नाही. अर्ज निकाली निघाला, बारा ते चारची सुट्टी गेली, जाळी गेली, आणि मला हायसं वाटलं. वाटलं, साहेबांसमोर बिचारी घाबरली, शब्द सुचले नसतील. फोनचा आणि पट्ट्यांचा संबंध तिला उमगलाही नसेल. अडाणी बाई, असं मी मनात म्हणाले. जिच्या घरी मी जेवले तिला.

बाहेर आल्यावर ती एसटीच्या थांब्यावर माझी वाट बघत उभी होती. मी टाळून मागच्या दाराने जाणार होते, पण तिने हाक मारली.

“जेवली का तू?”

“हो.”

“तोंड पाह्य कसं सुकलं. झोपत जाय जराशी.” तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ललिता माझ्याकडे पाठ करून सडकेकडे बघत उभी होती. मग त्यांची गाडी आली.

मी पुढच्या जिल्ह्यात कामाला गेले. मे महिन्याच्या चोवीस तारखेला संध्याकाळी आईचा फोन आला. आधी नुसती रडतच होती.

दुपारी अडीचच्या सुमाराला मावशी म्हणाली होती की डोकं भणभणतंय. ललिता म्हणाली, सावलीत बसा. ती म्हणाली, एवढा ढीग होऊ दे. ढीग अर्धा झाला आणि ती त्याच्यावरच आडवी झाली, तोंड मिरचीत. बायकांनी उचलून तिला मुनीमच्या खोलीत नेलं आणि कूलरसमोर निजवलं. तोंड धुतलं, डोळे धुतले, पाणी पाजायला गेल्या तर दातखीळ बसली होती. ॲम्ब्युलन्सची वाट बघून शेवटी मालाच्या टेम्पोत घातलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

उन्हाळ्यात असं कुणी गेलं की उष्माघात होता की दुसरं काही, हे ठरवायला तालुक्याची एक समिती बसते. उष्माघात ठरला तर सरकारी कागदावर चढतो, मग कामाच्या वेळेचा विषय परत निघू शकतो. नाही ठरला तर माणूस नुसताच मेलेला असतो. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज बसला होता. मावशीने बोटांना चोळलेलं तेल त्या विसरल्या नव्हत्या.

“समितीने तिच्या फोनची नोंद मागितली होती. मी आज सकाळी पाठवली. म्हटलं, आपल्याकडून त्या घराला एवढी तरी मदत व्हावी. पाठवल्यावर मी ती नीट उघडून बघितली आणि मला काही समजेना. नोंद क्रमांक एक तिचीच ना?”

“हो.”

“चोवीस तारीख. सकाळी सातपासून दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत एकतीस अंश. हालचाल नाही. तीन-दहानंतर एकदम खूप हालचाल.” म्हणजे कुणीतरी तिची पिशवी खिळ्यावरून काढून टेम्पोत ठेवली होती. “मयुरी, ती तर दिवसभर खोलीतच होती गं. मग उष्माघात कसा?”

मी भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते. खाली बसले आणि सांगितलं. मिरचीचे हात, खिळे, पिशव्या, कूलर, प्रश्न सात. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं. महिनाभर जे शब्द जुळत नव्हते ते हे एवढेच होते.

“किती फॉर्म?” त्यांनी विचारलं.

“सगळे.”

“एकशे बारा?”

“हो.”

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं. “मग माझ्याकडे काहीच नाही,” असं हळूच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी जे करायचं ते केलं. समितीला पत्र पाठवलं की धामनटोली केंद्राची नोंद विश्वासार्ह नाही, ती विचारात घेऊ नये. मला त्यांनी राजीनामा द्यायला सांगितलं, तक्रार केली नाही. मी ते पत्र घेऊन स्वतः तहसील कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने फाइल काढून दाखवली. समितीने आदल्याच दिवशी ‘अन्य कारण’ लिहून प्रकरण बंद केलं होतं.

“पण ही नोंदच चुकीची आहे,” मी म्हणाले. “बाई उन्हात होती.”

“असंल. पन उन्हात होती याचा कागद कुठं हाये?”

“सगळ्या बायका सांगतील.”

“बायका तं तीन वरसांपासून सांगूनच रायल्या ताई,” तो म्हणाला. टोचून नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं. “कागद एकच होता, तुमचा. तोही तुमीच आता खोटा म्हनता.”

मी पत्राची पोच घेतली. ती अजून माझ्याकडे आहे. कशाला ठेवली आहे, माहीत नाही.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ललिता कामावर परत गेली. मी तिला गाठायला सातऱ्यावर गेले तेव्हा एक वाजला होता. दुरून मैदान नुसतं थरथरत होतं. ललिता मावशीच्याच जागेवर बसली होती. डोक्यावर पदर, पदरावर ओलं पोतं. मी तिच्यासमोर त्या तापलेल्या मातीत बसले. पहिल्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं, मग हात चालवत राहिली.

“ललिता, मला तुला एक सांगायचं आहे. त्या फॉर्ममध्ये मी…”

“मले माहीत हाये.”

“काय माहीत आहे?”

“तुमी ‘हो’ लिवलं ते. अन् मॅडमनं इचारलं तईही ‘हो’च म्हनलं असन ते.” एक देठ, दुसरा देठ. “आईनं सांगतलं.”

सासूला ती आईच म्हणायची. “कधी?” मी विचारलं.

“कचेरीतून आलो त्या दिवशीच. पानी पेली अन् मले म्हने, मी सांगाले उभी झाली होती का बा फोन खोलीत रायते. पन मयुरीकडं पायलं तं पोरीचं तोंड पांढरंफटक. मी बोलली असती तं सारेयसमोर खोटी पडली असती थे. नोकरी गेली असती. तिच्या मायनं किती हाल काढून शिकवलं तिले.”

मिरचीचा खकाणा नाकात गेला होता, डोळे चुरचुरत होते, पण ते त्याने नव्हतं.

“मी भांडली आईसंगं,” ललिता म्हणाली. “म्हनलं, त्या पोट्टीपायी आमी साऱ्या मरू का? तं म्हने, एक उन्हाळा अखीन काढू. शिकलेली पोरगी हाये, तिले समजते. थे सोताच जाऊन सांगन साहेबाले.” तिने खुडलेल्या मिरच्या पाटीत लोटल्या आणि ढीग जवळ ओढला. “रोज सांजच्याले हात धुतले का इचारे मले, मयुरी गेली होती काय वं कचेरीत? काही आयकू आलं काय? चोवीस तारखेलेही सकाळी येता येता इचारलं.”

ऊन डोक्यात घुसत होतं. पाठ भाजत होती. दहा मिनिटंही झाली नसतील मला तिथे बसून, आणि कानशिलं ठणकायला लागली. आजूबाजूच्या बायका मान खाली घालून खुडत होत्या, आमचं सगळं त्यांना ऐकू जात होतं. कुणी मला शिवी दिली नाही. कुणी ऊठ म्हटलं नाही.

शेवटी ललितानेच वर पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली थोडा वेळ. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तो घेऊन घरी गेले असते.

“कडुनिंबाखाली जाऊन बसा ताई,” ती म्हणाली. “तुमाले सवय नाही.”

आणि मी उठले. सावलीत जाऊन बसले.